श्री नावाचं खातं

चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखण्यात आमच्या वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आप्पा आले," असं ती पुटपुटली की मिनिटभरात माझे वडील खरंच दारात दिसायचे. तोवर ती कॉम्प्युटरसमोरून उठून मेथी निवडायला बसलेली असायची.

औशातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर एकच, तोही बैठकीत. दादाच्या पोरांच्या खेळापायी त्यातले उसाच्या हिशेबाचे कागद हरवतात म्हणून आप्पांनी प्रत्येकाचं वेगळं खातं करायला सांगितलं. ते काम फक्त वहिनीलाच येत होतं. तिनं आप्पांचं, दादाचं, माझं, पोरांचं खातं केलं आणि हुकमाप्रमाणे सगळ्यांचे पासवर्ड आप्पांच्या डायरीत लिहून दिले.

"वहिनी, तुझं कुठाय?" मी विचारलं.

"मला काय करायचंय बाई," ती म्हणाली.

सगळ्या नावांच्या वर तिनं नुसतं 'श्री' ठेवलं होतं. आप्पा किराणाच्या यादीवरसुद्धा आधी श्री लिहायचे. मशीन चालू झालं की ते त्या श्रीला हात जोडायचे आणि मग आपल्या नावावर जायचे.

एका दुपारी मी अनवाणीच आत आले, त्यामुळे वहिनीला चाहूल लागली नाही. श्री उघडं होतं, आणि त्यात सरकारी भरतीचा फॉर्म. ती पांढरीफटक पडली. "आप्पांना सांगू नका ताई, पाया पडते."

माझ्याहून मोठ्या बाईनं असं म्हणावं, मला रडूच आलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचं मुलाखतीचं पत्र आलं होतं, ते आप्पांनी तिच्यादेखत चुलीत घातलं होतं. आता वयाच्या अटीत तिचं एकच वर्ष उरलं होतं.

त्या दिवसापासून मी मेथी निवडायला घेऊन उंबऱ्यात पहाऱ्याला बसू लागले. बाहेर जरा खुट्ट झालं की माझा निवडता हात थांबायचा. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणायची, "भ्या वाटतंय व्हय ताई? वाटू द्या. हात थांबवू नका."

मग मशीन हळू चालतं म्हणून आप्पांनी लातूरहून दुरुस्तीवाला बोलावला. वहिनी चहा घेऊन आली, तेवढ्यात त्यानं विचारलं, "हे श्री कुणाचं हाय? वापरात नसंल तर काढून टाकतो." ट्रे धरून वहिनी जागच्या जागी उभी राहिली.

आप्पा त्याच्यावरच खेकसले, "देवाचं नाव पुसतं का रे कुणी? राहू दे."

वहिनीनं चहा ठेवला आणि मोरीत जाऊन ओकली.

तिची निवड झाली, नेमणूक नांदेडला. या वेळी पत्र दादानं आपल्या खिशात ठेवलं आणि आप्पांसमोर उभं राहून वाचून दाखवलं. आप्पा उठून शेताकडे गेले. स्टँडवर सोडायला दादा आणि मी, दोघंच होतो. दादा सामान चढवत असताना वहिनी माझ्या कानाशी आली. "श्रीचा पासवर्ड तुमचंच नाव हाय. पहिल्यापासनं."

तिच्यावाचून घर फार ओकंबोकं झालं. तिच्या हातचा चहा नाही, याचं आप्पांनाही वाईट वाटत असावं.

येत्या रविवारी निलंग्याचं स्थळ मला बघायला येणार आहे. काल दुपारी मी श्री उघडून माझं नाव टाकलं. फॉर्म अर्धा भरून झाला होता, तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. उजवी जरा घासत येते, म्हणजे आप्पाच.

मी हात थांबवला नाही.