शिशाचा बुटका

सुट्टी लागली की हिंजवडीचा एक साहेब रिहे गावातली आमची मागची खोली भाड्यानं घेतो. "इथं निसर्ग आहे," म्हणतो आणि आल्या आल्या खिडक्या लावून घेतो, कारण वाऱ्यानं ओल्या रंगावर धूळ बसते. बाहेर डोंगर, भातखाचरं. आत हा डोळ्याला भिंग लावून बोटाएवढ्या राक्षसाचे दात रंगवतोय. परदेशातून मागवलेली जुनी शिशाची खेळणी आहेत ती. खेळणी म्हटलं की साहेबाला राग येतो. जेवायला हाक मारली तर ब्रश हलू नये म्हणून श्वास धरूनच बोलतो, "शेड... सुकू... द्या."

गेल्या दिवाळीत जुना रंग सुटावा म्हणून त्यानं त्यातला एक दाढीवाला बुटका वाटीभर साबणाच्या पाण्यात मोरीपाशी ठेवला आणि फोनवर बोलत अंगणात गेला. आई तिथंच देवाची भांडी घासत होती. हातात परशू, छातीवर दाढी, म्हणजे कुणीतरी देवच, असं समजून तिनं तो चिंचेनं लखलखीत घासला, कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात बसवला.

साहेब धावत आला. "मावशी, तो माझा आहे!"

"आता न्हाई," आई म्हणाली. "बसल्याला देव उठवत न्हाईत."

वाटलं, आता हा परत येत नाही. पण येतो. चपला काढून देव्हाऱ्यासमोर मांडी घालतो, टक लावून बघत बसतो. पोरगा देवाधर्माला लागला म्हणून आई खूश.

परवा त्यानं हात जोडले.

"मावशी, कुंकू जरा पातळ करून लावा. दाढीचं काम बुजतंय."