उघाडीवरचं पाऊल

ती घटना आठवली की आजही माझे तळपाय गार पडतात. पोलीस खात्यात हयात गेली. दरोडेखोर पाहिले, वाघ पाहिला (वाघानेही मला पाहिलं आणि तोच आधी निघून गेला, पण ते असो). एका फुटबॉलच्या सामन्याने मला जो घाम फोडला तो मात्र दुसऱ्या कुणी फोडला नाही. नावं कुणाचीच घेत नाही. काही माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांचे नातू अंगाने धडधाकट आहेत.

मागच्या शतकाच्या अखेरची, इंग्रजी अमलातली गोष्ट. मी कल्याणला फौजदार होतो, वरचे साहेब ठाण्याला. साऱ्या हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणी आणि रेल्वेचे गोरे एका चांदीच्या पेल्यासाठी फुटबॉल खेळत, आणि शेवटचा सामना मुंबईत होई. त्या वर्षी मुंबईच्या मैदानावर कुणा लाटसाहेबाच्या स्वागताचा मांडव पडला आणि तो सामना आमच्या कल्याणच्या गळ्यात आला. एका बाजूला उत्तरेतून आलेली पलटण, दुसऱ्या बाजूला आमच्याच रेल्वे वसाहतीतले इंजिन हाकणारे गोरे. पलटणीतले गडी इतके उंच, की तारेच्या खांबाशेजारी उभे राहिले तर खांब कुठला ते चाचपून पाहावं लागे.

मैदान खाडीकाठी होतं. पूर्वी तिथे मिठाचे वाफे होते. रेल्वेने त्यातली जागा घेतली, भर टाकली, गवत लावलं; उरलेलं मिठागर शेजारच्या गावाकडे राहिलं. खाडी आणि मैदान यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाला पाणी सोडायचं फळ्यांचं दार. त्याला इकडे उघाडी म्हणतात. भरतीच्या वेळी उघाडी उघडी राहिली की खाडी सरळ आत.

सामन्याच्या दोन दिवस आधी माझा खबऱ्या आला. हा माडीच्या दुकानात बसे आणि तिथे ऐकलेलं माडीपेक्षा जास्त फेस आणून सांगे.

"फौजदारसाहेब, मिठागराचा मुकादम काल भर दुकानात बोलला. ही जागा खाडीची हाय, खाडी येऊन घेऊन जाईल, मग खेळा म्हणे पाण्यात."

"प्यालेला होता का?"

"तो कुठला पितोय! निरोप द्यायला आलेला. तोच तर घोर आहे."

मी मैदानाभोवती शिपाई उभे केले, उघाडीवर कुणाला ठेवायचं सुचलं नाही. पण खाडी काही शिपायाला विचारून येत नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. सकाळी उजाडलं तेव्हा मैदानाच्या जागी तळं होतं, गोलाचे खांब कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि एक बगळा मधोमध उभा राहून मासे टिपत होता. उघाडीच्या फळ्या कुणीतरी उपसून टाकल्या होत्या. सामना उद्यावर आलेला.

ठाण्याहून साहेब पहिल्या गाडीने आले. त्यांना मराठी येत असे, म्हणजे त्यांना तसं वाटे.

"फौजदार, मुकादमला धर. हातकडी घाल. गाव बघेल असा धर."

धरला. साठीचा, सुकलेल्या बोंबलासारखा काटक माणूस. त्याच्या गावाच्या मधल्या वाटेने, देवळापुढून, त्याच्या सुनेसमोरून हातकडी घालून आणला. सून दारात उभी राहून ओरडली, "मामांजींनी काय केलंय? बोला ना! शिपाई मुके असतात काय?" शिपायांनी चाल वाढवली. मीही.

साहेबांनी मला बाजूला घेऊन हुकूम सुनावला. संध्याकाळपर्यंत कबुलीजबाब हवा. मुकादम तुरुंगात जाईल, आणि ज्या गावाने बांध फोडला त्या गावाचं मिठागर सरकारजमा होईल. मिठागर गेलं की त्या गावाला चूल पेटवायला दुसरं काही नव्हतं.

आता पोलिसातली एक गोष्ट सांगतो. कबुली काढणं सोपं असतं. आमचे जमादार तर दगडाकडूनही कबुली काढत. एकदा त्यांनी चुकून फिर्यादीचीच काढली होती. कठीण असतं ते जागेवर जाऊन पाहणं. म्हणून कबुलीच्या आधी मी बांधावर पंचनामा करायला गेलो. उघाडीपाशी ओल्या चिखलात पावलं उमटली होती. अनवाणी.

"बघा फौजदारसाहेब," जमादार म्हणाले, "बूट नाही. म्हणजे गावचाच."

मी गुडघ्यावर बसलो. पावलाची बोटं एकमेकांना चिकटलेली, शेंगेतल्या दाण्यांसारखी. परतीच्या वाटेवर उजव्या पायाची टाच टेकलेलीच नव्हती, नुसता चवडा. आणि उघाडीच्या लाकडावर कालवांचा, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांचा, थर होता. कालवं म्हणजे वस्तराच.

चौकीवर आल्यावर मी अंगणात पाणी ओतायला लावलं आणि मुकादमाला म्हटलं, "पाय ठेव."

"पाय कशाला? डोकं मागा की," तो म्हणाला.

"ठेव म्हटलं ना."

त्याने ठेवला. जन्मभर मिठागरात अनवाणी वावरलेला पाय. बोटं अशी फाकलेली, की दोन बोटांमधून बैलगाडी गेली असती. तळव्याला कुठे ओरखडासुद्धा नाही.

"बांध तू फोडलास?"

"त्या उघाडीच्या फल्या माज्या बापानं बसवल्यात. मी काडल्या असत्या तर रचून ठेवल्या असत्या, फेकल्या नसत्या."

"मग दुकानात तसं का बोललास?"

"बोलन्यावरनं धरताव तर पयला आमच्या घरवालीला धरा. ती मना रोज बुडवते."

जमादार फिसकन हसले आणि लगेच गंभीर झाले. मी हसलो नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. पायाचा ठसा दाखवून साहेब ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. बोटं चिकटलेला पाय म्हणजे लहानपणापासून बुटात वाढलेला पाय, आणि असे पाय कल्याणात फक्त गोऱ्यांना होते. त्या काळात काळ्या फौजदाराने गोऱ्याला "बूट काढ" म्हणणं आणि स्वतःची पेन्शन खाडीत फेकणं यात फरक नव्हता.

तेवढ्यात मुकादमच बोलला. "सायेब, बांद मी फोरला नाय. पन मैदान मी सुकवून देतो. ओहोटीला पानी उतरंल. मग वाफे तुडवतो तसं तुडवायचं, वल्या मातीत, पायानं. ऊन लागलं का फरशी व्हते. उद्या सांजपर्यंत खेलतील."

"माणसं?"

"गाव येल. पन मी हातकडीत असलो तर येक बी पाय उठनार नाय."

मी हातकडी काढली. जमादारांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पुढे साक्षीला उभं राहावं लागलं तर "पाहिलं नाही" म्हणता यावं.

दुपारी पाणी ओसरलं, तशा मुकादमाने उघाडीच्या फळ्या परत बसवल्या. गाव आलं. बाया, बापे, सगळे हातात हात घालून एका ओळीत, ताल धरून चिखल तुडवू लागले. एक आडवी ओळ गेली की मागे जमीन पाटासारखी सपाट. पण मैदान मोठं आणि पाय थोडे. दोन्हीकडचे खेळाडू काठावर उभे राहून तोंड वासून बघत होते. आणि तिथे माझ्या डोक्यात एक किडा वळवळला.

मी दोन्ही कप्तानांपुढे गेलो, सलाम ठोकला आणि माझ्या हिंदुस्थानीत सांगितलं, "साहेब, पाय कमी पडतात. आपले लोक उतरले तरच उद्या सामना होईल. मात्र बूट चालणार नाहीत. बुटाच्या खिळ्यांनी जमीन फाटेल."

पलटणीचा कप्तान हसला आणि तिथेच बूट भिरकावून दिला. मग काय! सगळे गोरे पाटलोणी गुडघ्यावर चढवून चिखलात. गावच्या म्हाताऱ्या त्यांचे हात धरून ओढत होत्या, "ए लंब्या, पाय उचल, नाचतो काय!" त्या चिखलात तासाभरापुरतं कोण राज्य करतंय ते कुणालाच कळेना. मी मात्र घामाघूम. मी तळपाय मोजत होतो, आणि एकही लंगडा सापडत नव्हता.

काठावर एकच माणूस बूट घालून राहिला. रेल्वेच्या संघाला शिकवणारा. पैलवानांना वस्ताद असतो तसा तो त्यांचा वस्ताद, आणि आम्हीही त्याला वस्तादच म्हणत असू.

"आप भी आइए," मी म्हटलं.

"हम जूता नहीं उतारेगा."

"मैदान आपका ही है, साहेब."

"फौजदार, तुम अपना काम देखो!"

मी माझंच काम बघत होतो. पण एक पाऊल पुढे टाकलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि टाकलं नसतं तर गाव गेलं असतं. मी मुकादमाकडे पाहिलं. त्याने वस्तादाच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नुसती ओळ वळवली. ओळ ताल धरून वस्तादाभोवती फिरू लागली, जवळ, आणखी जवळ, आणि बघता बघता तो कोरड्या तुकड्यावर उभा, चहूबाजूंनी नुकताच तुडवलेला चिखल. त्याच्याच खेळाडूंना चेव आला. ते ओरडू लागले, हसू लागले. दोघांनी त्याला मागून उचललं, तिसऱ्याने बूट खेचले. वस्ताद किंचाळला. त्यांना वाटलं गंमत करतोय.

उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडकं रक्ताने काळं पडलं होतं.

हसणं थांबलं. त्यांनी त्याला खाली ठेवलं. तो चवड्यावर उभा राहिला; टाच टेकवेना. ओल्या मातीत पाऊल उमटलं. शेंगेतले दाणे.

मी सलाम करून विचारलं, "कालवं लागली का, साहेब?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या कप्तानाकडे पाहिलं आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलला. मला इंग्रजी साक्षीपुरतं येई, तेवढं पुरलं. त्यांचा सगळ्यात चपळ गडी हिवतापाने अंथरुणावर होता. सामना आठवडाभर पुढे गेला असता तर तो उठला असता. खेळाचे बूट चिखलात ओळखू येतात म्हणून हा अनवाणी गेला, की संशय गावावर जावा. कालवांचं त्याला माहीत नव्हतं.

कप्तानाने वस्तादाचे बूट उचलले, त्याच्या हातात दिले आणि पाठ फिरवून पुन्हा ओळीत जाऊन उभा राहिला.

साहेबांपुढे मी सगळं मांडलं. पायाचा ठसा, फडकं, कप्तानाची जबानी. साहेबांनी कागद खणात टाकले. संध्याकाळच्या गाडीने वस्तादाची कुठेतरी लांब बदली झाली. ना गुन्हा, ना खटला. मिठागर वाचलं. मुकादमाच्या कागदावर शेरा पडला, "पुराव्याअभावी सोडले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला कोठडीतून काढून म्हटलं, "जा. सुटलास."

तो चौकीच्या पायरीवर बसून राहिला.

"आता काय?"

"कागदात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे केलं आसंल, पन गावलं नाय. आसंच ना?"

मी कागदाची घडी घातली.

"सायेब, मना ज्या वाटेनं नेलाव त्याच वाटेनं परत न्या. हात मोकले. तुमी संगती. टोपी घालून."

तिकडे मैदानावर सामना सुरू व्हायचा होता. साऱ्या जिल्ह्याचे साहेब जमले होते आणि माझी खुर्ची राखून ठेवली होती. मी टोपी घातली. देवळापुढून, मधल्या वाटेने, लोकांच्या दारांवरून आम्ही शेजारी शेजारी चाललो, तो एक पाऊल पुढे. दारादारात माणसं उठून उभी राहिली. मैदानावरून आरोळी उठली, गोल झाला असावा. आम्हा दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही.

त्या अंतिम सामन्याचं वर्णन मी आजवर शंभर वेळा रंगवून सांगितलं आहे, आणि ऐकणाऱ्याला घाम फुटला आहे. त्यातला एकही गोल मी पाहिलेला नाही. पुढे नोकरीत मी अनेकांना पकडलं आणि अनेकांना सोडलं. पकडताना गाव गोळा होतं, सोडताना नुसती सही होते. त्या दिवसापासून मी चुकीने धरलेल्या माणसाला कधी एकटं घरी पाठवलं नाही.

त्याच्या दारात सून उभी होती. तिने सासऱ्याच्या मनगटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा," ती म्हणाली, "पानी आनते."