आज सकाळपासून बेपत्ता

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण विश्वास ठेवून कधी वाचले नाहीत. वाचता वाचता डोक्यात माझं टिपण चालू असतं... लाइट गेले होते का, माणसाला ताप होता का, दुसऱ्या कुणी पाहिलं का. स्वभावच तसा. एका खाजगी कॉलेजात अ‍ॅडमिशनचं काम बघते. मूळ कागद समोर आल्याशिवाय कुणाचं काही मान्य करायचं नाही, ही नोकरीची सवय घरापर्यंत आली आहे. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर "उद्यापासून पाणी बंद" किंवा "या पाल्याने साखर जाते" असलं काही आलं की माझे दोन प्रश्न ठरलेले – कुणी सांगितलं? कधीचं आहे? मला मागे "इन्स्पेक्टर अक्का" म्हणतात, हेही मला माहीत आहे.

तरीही हे लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन तंजावूरला आले. इथे राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून मराठी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्याला जुनी वाटेल अशी, आणि सूर सगळा तमिळ. देवनागरी वाचता येणारे थोडेच. माझा नवरा सुधाकर इथलाच, त्यालाही ती वाचता येत नाही. म्हणून हे आधी त्याला वाचून दाखवलं, तो "सरी, पाठव" म्हणाला (सरी म्हणजे बरं), मग पाठवलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याजवळच राहायचे, नव्या बसस्टँडकडच्या फ्लॅटमध्ये. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, थट्टेखोर. संध्याकाळी मी फ्रिजवरच्या यादीवर काट मारायला उभी राहिले की खुर्चीतून आवाज यायचा, "लिस्टांत काय राहिलं गे?" रोज. मी काहीही सांगितलं तरी त्यावर खो-खो हसायचे.

पुढे त्यांची आठवण जायला लागली. आधी गेली ती तमिळ. जन्मभर ऑफिसात तमिळ बोललेला माणूस, पण दूधवाला काय म्हणतो ते कळेना. उरली फक्त घरातली मराठी. आणि दिवस कलला की एकच घोष, "उशीर झाला. घरी जाऊं की."

"अप्पा, हेंच घर," सुधाकर म्हणायचा.

"हें? हें लॉज की रे! भाडें दिलंस का?"

आम्ही असं धरून चाललो होतो की घर म्हणजे ओरत्तनाडू. त्यांचं बालपण तिथलं, मुक्तांबाळ छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, बाजूच्या गल्लीतलं.

एका सकाळी दार उघडं दिसलं आणि मामंजी नाहीत. सुधाकर स्कूटर घेऊन बाहेर पडला, मी टेबलाशी बसून तमिळमध्ये पोस्ट तयार केली. फोटो, नाव, निळ्या चौकड्यांचा शर्ट, एकाच पायात चप्पल (दुसरी घरात राहिली होती), तमिळ बोलता येत नाही, आज सकाळपासून बेपत्ता, दिसल्यास या नंबरवर कळवा. नंबर माझा. दुपारी फोन आला. जुन्या बसस्टँडवर, ओरत्तनाडूच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. पोस्ट वाचूनच कंडक्टरने ओळखलं. म्हणजे पोस्ट खरी होती आणि कामाला आली, हे मी आधी मान्य करते.

लगेच मी दुसरी टाकली – सापडले, सर्वांचे आभार. ती कुणी पुढे पाठवली नाही. हरवलेला माणूस सगळे पुढे पाठवतात, सापडलेला कुणीच नाही.

आणि पहिल्या पोस्टवर तारीख नव्हती. जगाला "कधीचं आहे?" विचारणाऱ्या मी घाईत नुसतं "आज" लिहिलं होतं.

मामंजी असेपर्यंत त्याची गंमत होती. कुंभकोणमहून फोन यायचा, "अम्मा, ते आजोबा इथे दिसले," आणि आजोबा माझ्यासमोर इडली खात असायचे. नंतर ते गेले. घरी, आपल्या बिछान्यात, माझा हात धरून. अग्नी सुधाकरने दिला. अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडल्या. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फोन मात्र वाढले.

माझं उत्तर पाठ होतं – पोस्ट जुनी आहे, ते वारले, कृपया डिलीट करा. बहुतेक लोक "सॉरी अम्मा" म्हणून ठेवायचे. मन्नारगुडीच्या एका गृहस्थांनी ठेवला नाही.

"वारले? माझ्यासमोर बसलेत."

"दुसरे कुणी असतील."

"निळ्या चौकड्या, एका पायात चप्पल. तुमचीच पोस्ट वाचून बघतोय. माणूस नकोसा झाला म्हणून असं सांगता?"

सुधाकर तिथे जाऊन आला. कुणी नव्हतं. पण त्या गृहस्थांनी माझी पोस्ट नव्याने टाकली, वर एक ओळ जोडून – सासरा जिवंत असताना ही सून तो मेला म्हणते. मग विचारूच नका. कॉलेजात पालक समोर बसलेले आणि माझा फोन थरथरतोय. कुणी शिव्या देतंय, कुणी उपदेश करतंय. प्रत्येक पोस्टखाली मी मृत्यूच्या दाखल्याचा फोटो टाकला. चेन्नईहून मुलगी अपर्णा ओरडली, "आई, तू उत्तर देतेस म्हणूनच ती परत वर येते!" गप्प बसले तर मी निर्दय, बोलले तर पोस्ट ताजी. नंबर बदलावा तर तो बँकेला जोडलेला, कॉलेजच्या पत्रकावर छापलेला. आणि बदलायचा विषय काढला की सुधाकर जेवणावरून उठायचा.

खरं संकट ते होतं. मला शिव्या सोसवतात. पण सुधाकर प्रत्येक फोनवर निघायचा... पट्टुकोट्टै, पापनाशम, कुठेही. परत यायचा, हातपाय धुवायचा आणि माझा फोन चार्जिंगला लावायचा. फोनशिवाय दुसऱ्या कशासाठी गाव सोडणं त्याने बंद केलं. अपर्णाला मुलगा झाला, तो बघायला मी एकटी गेले. आता बारसं ठरत होतं, आणि हा म्हणाला, "तूं जा. मी येथे राहतों."

"नातवाचं बारसं आहे, सुधाकर."

"आणि आपण गेलों, मग फोन आला तर?"

"अग्नी तूच दिलास ना?"

"दिला की. पण मला सांग शैला, इतके लोक सगळेच खोटें बोलतात?"

मी त्याला समजावलं की खोटं कुणीच बोलत नाही. फोटो मनात ठेवून बघितलं की कुठलाही म्हातारा तोच दिसतो. ऐकून घेतलं त्याने. पण बारशाचं तिकीट काढलं नाही.

मग एका रविवारी दुपारी सेल्वीचा फोन आला. ओरत्तनाडूला छत्रासमोर तिचं सरबताचं दुकान. माझे हात पिठात होते म्हणून स्पीकर लावला, आणि मी पाठ उत्तर सुरू केलं.

तिने मध्येच थांबवलं. "जुनी असेल पोस्ट, अम्मा. मी नाही म्हणत नाही. पण हे आत्ता बसलेत ना. मी काय करू?"

"फोटो पाठवा," मी म्हटलं.

आला. छत्राची दगडी पायरी, पायरीवर सरबताचा ग्लास, मागे कोरलेला घोडा. माणूस नाही.

"यात कुणी नाही," मी म्हटलं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

"असं काय म्हणता? मधोमध तर बसलेत!" मग जरा दबून, "सारखं काहीतरी बोलतात, अम्मा. कळत नाही. नेपाळी आहेत का?"

"काय बोलतात? म्हणून दाखवा."

तिने शाळेतल्या मुलीसारखं, अर्थ न कळता, तोडून तोडून म्हटलं, "उ-शीर झा-ला. घ-री जाऊं की." मग थांबली. बहुधा तिकडे बघत असावी. "अजून एक म्हणतात. लिस्-टांत मी रा-हिलों."

सुधाकर दारात उभा होता. त्याने गाडीची किल्ली उचलली. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि मागोमाग गेले. त्याला एकट्याला सोडायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

गाडीबद्दल एक सांगायचं राहिलं. मामंजी गेल्यानंतर घेतलेली, नवी. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही तर टिंग-टिंग वाजत राहते. तांदळाची पिशवी ठेवली तरी वाजते. जाताना गाडी गप्प होती.

ओरत्तनाडूला पोचलो तेव्हा पायरी रिकामी होती. ग्लास होता, अर्धा. सेल्वी दुकानातून धावत आली. "आत्ता होते! तुमची गाडी थांबली तेव्हा उठून उभे राहिले." शेजारच्या सायकलवाल्याला विचारलं, त्याने कुणालाच पाहिलं नव्हतं. सेल्वी त्याच्यावर डाफरली, "तू मोबाइलमधून मान कधी वर काढतोस?"

मी तिला विचारलं, इथली मराठी घरं ओळखीची आहेत का, ती भाषा ऐकली आहे का. ती म्हणाली, इथे लग्न होऊन आले ते मागच्या वर्षी. मराठी म्हणजे कुठली भाषा?

सुधाकर "अप्पा, अप्पा" करत छत्राला फेरी मारून आला आणि त्या पायरीवर बसला, ग्लासच्या शेजारी.

"येथे तर पोचले होते की," तो म्हणाला. "त्यांच्या गावांत. मग घरी जाऊं कां मणाले?"

मला फक्त एवढं दिसत होतं की उन्हात एक माणूस बसला आहे आणि तो इथून उठणार नाही. आज उठला तर उद्या दुसऱ्या गावी जाऊन बसेल. आणि त्याच्याबरोबर मीही.

तेव्हा मी जे केलं ते माझ्या कुठल्याच यादीत बसणारं नाही. गाडीचं मागचं दार उघडलं आणि सेल्वी, सायकलवाला, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "चला मामंजी. उशीर झाला. घरी जाऊं."

म्हातारा माणूस चढून बसायला जितका वेळ घेईल तितका वेळ दार धरून ठेवलं. मग लावलं. सेल्वी हसली नाही. सुधाकर उठून स्टिअरिंगवर बसला.

गाव मागे पडलं, दोन्हीकडे भातशेतं सुरू झाली, आणि गाडी वाजायला लागली. टिंग-टिंग. टिंग-टिंग.

सुधाकरने कडेला घेतली. मी उतरून मागे पाहिलं. सीट रिकामी. पिशवी नाही, छत्री नाही, काही नाही. सीटवर हात फिरवला, खाली पाहिलं. टिंग-टिंग चालूच. सुधाकर आरशातून मागे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी पट्टा ओढला, मामंजींना त्यांच्या पोटामुळे जेवढा लागला असता तेवढा सैल सोडला, आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला.

बिल्डिंगखाली मी पट्टा सोडला, दार उघडलं, लिफ्टचं दार नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं. संध्याकाळ झाली होती. दिवा लावला, सवयीने फ्रिजसमोर गेले, आणि सुधाकर हॉलमधून म्हणाला, "शैला, चेन्नईचीं तिकिटें काढ."

आता माझं नेहमीचं टिपण. गाडी सर्व्हिसिंगला दिली, सेन्सरमध्ये दोष नाही म्हणाले. सेल्वीने ते शब्द कुठे ऐकले असतील? दुसरा एखादा मराठी म्हातारा असू शकतो. तंजावूरची आणि ओरत्तनाडूची ओळखीतली सगळी घरं विचारून झाली, तसा कुणी नाही. बरं, असला तरी तो "लिस्टांत" का म्हणेल? फोटोत तो का नाही? प्रत्येक प्रश्नापुढे मी जागा सोडली आहे. ती कोरी आहे.

पोस्ट अजून फिरते. तिच्यात अजून "आज सकाळपासून" आहे, आणि ती मला पुसता येत नाही. फोन अजून येतात. फक्त "समोर बसलेत" असं त्या रविवारनंतर कुणी म्हणालेलं नाही. आता विचारतात, "सापडले का?"

बारशाच्या दिवशीही आला. पाळण्याभोवती बायका होत्या, नाव ठेवून झालं होतं, बाळ सुधाकरच्या मांडीवर होतं. माझा फोन वाजला तसा त्याने माझ्याकडे पाहिलं, पण जागचा हलला नाही. कुणी अनोळखी मुलगी होती, तिरुच्चीची. "अम्मा, आजोबांची पोस्ट आत्ताच पाहिली. सापडले का हो?"

पाठ उत्तर तोंडाशी आलं होतं.

"सापडले," मी म्हटलं. "घरी आहेत."

सुधाकरने मान खाली घातली आणि बाळाच्या टोपीची नाडी बांधायला लागला.

जे स्वतः पाहिलं नाही ते पुढे पाठवायचं नाही, हा माझा नियम अजून आहे. "घरी आहेत" या एका वाक्यापुरता मोडते.