ढगातल्या राणीची खाट

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून कापूस घरात होता आणि आम्ही अंगणात. भाव आला की विकू, असं म्हणत वडिलांनी दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत भरून ठेवल्या होत्या. घरात कापूस आला की आग बाहेर जाते. चूल अंगणात, स्टोव्ह अंगणात, एवढंच काय, देवसुद्धा अंगणात, कारण त्यांना दिवा लागतो. आईची खाटही तिथेच, तुळशीशेजारी. कापसातल्या किड्यांनी अंगाला सारखी खाज सुटायची. तशीच खाजवत मी रोज जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दारव्ह्याला अ‍ॅनिमेशनच्या क्लासला जायची.

आईला हे काही पटलेलं नव्हतं. शेवटी एकदा तिनं सांगूनच टाकलं, "मी येतो एक दिवस पाहाले. पटलं तं जाय. नाई तं घरी बस." आई बोलली म्हणजे बोलली.

क्लासमध्ये तिघातिघांनी मिळून एका गेमसाठी जादूच्या दुनियेचा सीन करायचा होता. आमच्या गटात मी, बंजारा तांड्यावरची एक मैत्रीण आणि दारव्ह्यातल्या एका मेकॅनिकचा मुलगा. भांडकुदळ मी, त्यामुळे गटाची प्रमुख आपोआप मीच झाले. ढगांच्या आत राणीचा महाल करायचा ठरला. ढग आतून कसे दिसतात हे मला शोधावं लागलं नाही. घरचं दार उघडलं की झालं. मैत्रिणीनं भिंतींना तिच्या आईच्या घागऱ्यावरचे आरसे जडवले. मुलानं दरवाजा केला तो ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आत जाईल एवढा. "राणीचा महाल हाय हा, तुह्या अब्बाचं गॅरेज नाई!" मी ओरडले. त्यानं ढिम्म ऐकलं नाही. दाराबाहेर आग ओकणारा ड्रॅगन बसवला, तोंड रस्त्याकडे.

सरांनी सीन पाहिला. "महालात अंधार का? मशाली कुठे आहेत?"

"बाहेर, सर. आवारात."

"सगळ्या?"

असं ठरवलं कुणीच नव्हतं. मेकॅनिकचा मुलगा म्हणाला, "सर, कापसात कोनी आग ठेवते काय?"

"अरे, कापूस कुठला? ढग आहेत ते!" सर हसून हसून बेजार झाले. पण मशाली आत आणायला लावल्याच. मार्क त्यांच्या हातात, करता काय? सीन झगमगला खरा, पण मला तो बघवेना.

आणि दुसऱ्याच दिवशी आई आली. ठेवणीतली साडी, पण पदराला कापूस चिकटलेलाच. खुर्ची दिली तरी बसली नाही. पडद्यावर महाल आला आणि ती किंचाळलीच, "अवो माय! कापसात मशाली कोनं लावल्या? बाहेर काढ आधी!"

मी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक मशाल उचलून आवारात नेली. मग बाहेरचा उजेड त्या अवाढव्य दरवाजातून आत शिरला आणि आरशाआरशांत चमकला. दरवाजाचं हे श्रेय मी त्या मुलाला आजतागायत दिलेलं नाही. सर म्हणाले, "राहू दे असंच."

आई बघत राहिली. "राह्यते कोन इथं?"

"राणी."

"मंग झोपते कुठी?"

एवढा महाल बांधला आणि राणीला पाठ टेकायला जागाच ठेवली नव्हती. मला तुळशीजवळची खाट आठवली आणि एकदम रडू आलं. मैत्रिणीनं माझ्या हातातला माउस घेतला, महालाच्या मधोमध एक खाट ठेवली आणि तिच्यावर रंगीत गोधडी टाकली.

"आता बराबर," आई म्हणाली.

परतताना जीपमध्ये ती पदराला चिकटलेला कापूस वेचत बसली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "उद्या लवकर उठजो. रोज पह्यली जीप चुकते तुही." मला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली, पण जीपमध्ये हात हलवायलाही जागा नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर कापूस गेला, मिळेल त्या भावात. घर झाडून झालं. आईनं आधी देव आत आणले, दिवा लावला, मग खाट आणली. ती भिंतीला लावली नाही, खोलीच्या मधोमध टाकली.

"वाटेत काहून टाकली?" वडिलांनी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि भर दुपारी खाटेवर ऐसपैस आडवी झाली.