हिवाळ्याचं ऑइल

आमचे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, पिंपातल्या सुट्या ऑइलचा थेंब आधी अंगठा आणि बोटामध्ये चोळत, मग हुंगत, आणि मगच डबा पुढे करत. दुकानदाराने कंपनीचं नाव सांगितलं की म्हणत, "नाम रहने दो भैया, उंगली झूठ नहीं बोलती."

उन्हाळ्यात जाड, हिवाळ्यात पातळ, असा त्यांच्या मोटारसायकलचा आहार ठरलेला. जबलपूरच्या कारखान्यात ते फौजेच्या ट्रकांची इंजिनं जोडत, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. "इंजिनाले तोंड नाही. त्याचं दुखणं आपणच ओळखावं लागते," हे त्यांचं लाडकं वाक्य.

मी तेव्हा नवी नवरी. मॅट्रिक पास, अक्कल नापास. हे वाक्य ऐकून माझे डोळे भरून येत. यंत्राला इतकं जपणारा माणूस बायकोला तर फुलासारखी ठेवत असेल! ह्यांनाही मी टोमणा मारला, "जरा दादांकडून शिका." हे म्हणाले, "वहिनीला विचार आधी." विचारते कशाला? भक्तीत पडलेली बाई पुरावा मागत नाही.

एकाहत्तरची लढाई लागली. कारखान्यात दुहेरी पाळ्या, खिडक्यांना काळे कागद, आणि बाजारातून पातळ ऑइल नाहीसं. भासऱ्यांनी गाडीवर गोधडी घातली. गाडीत उन्हाळ्याचं जाड ऑइल होतं. थंडीत तशीच किक मारली तर इंजिन घासेल, म्हणून स्वतः सायकलने कारखान्यात जाऊ लागले.

त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाईंच्या पोटात उजवीकडे कळा सुरू झाल्या. ओटा धरून उभ्या राहत.

"अहो, दवाखान्यात नेता का?"

"सोमवारी ऑइल येऊन राहिलं. मग नेतो ना."

"दादा, मी रिक्शा आणते," मी म्हटलं.

"काहून? दारात मोटारसायकल असून माझी बायको रिक्शात जाईन? पूरी कॉलनी हसेगी!"

"मग आहे त्या ऑइलवर काढा गाडी," जाऊबाई म्हणाल्या.

"तुले काय कळते त्यातलं? ओवा खाय, पड जरा."

हेही त्याच कारखान्यात; रविवारी दुहेरी पाळीवरून आले, वहिनीचा चेहरा पाहिला आणि भावाला न विचारता रिक्शा घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फट चुका है. इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?" जाऊबाई घरी परत आल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना भासरे सांगत, "लढाईनं नेलं तिले. ऑइल दोन दिवस आधी मिळालं असतं, तर वाचली असती." लोक माना हलवत. मग ते वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले. कॉलनीत तर ते लढाईत बायको गमावलेले गृहस्थ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. मी चहा घेऊन उभी असायची, तोंडाला कुलूप लावून.

एकदा भरल्या बैठकीत कुलूप निघालं. म्हटलं, "दादा, रिक्शा कोपऱ्यावरच उभी होती."

त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. संसारातली माझी तेवढीच वर्षं निवांत गेली.