कंस कुठं संपतो

माझा जुना सहकारी विलास गेल्याचं त्याच्या बायकोनं, वहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्यात होतो. मधुमेहानं आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं... त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं म्हणता येणार नाही. त्यालाही आता काही आठवडे झाले.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजसाठी लागणारे प्रोग्रॅम आम्ही सांगलीत एकाच टेबलावर बसून लिहायचो. आमच्यात वाद एकच. प्रोग्रॅममधला एखादा भाग कुठं सुरू होतो नि कुठं संपतो, हे काही भाषांत महिरपी कंसांनी दाखवतात. काहींत कंस नसतात, त्या भागाच्या ओळी नुसत्या आत सरकवून लिहायच्या. मला ही दुसरी रीत आवडायची, पान मोकळं दिसतं. विलास कंसवाला. "कृष्णा तुमच्या साताऱ्याकडनं निघती, म्हणून तू कंस मारायला आलायस व्हय रं?" असं तो म्हणायचा.

दृष्टी गेल्यावर त्याचा संगणक पडद्यावरची ओळ बाईच्या आवाजात इंग्रजीत वाचून दाखवू लागला. कंस आला की आतली बाई तसं सांगायची. रिकाम्या जागेला मात्र आवाज नसतो. ती जागा मोजून सांगायची सोय होती, पण ओळीओळीला आकडे ऐकून तो वैतागे. नेमकं तेव्हाच आमच्या कंपनीच्या मालकांनी सगळं काम बिनकंसाच्या भाषेत न्यायचं ठरवलं. जमणार नसेल तर विलासनं गिऱ्हाइकांचे फोन घ्यावेत, असंही सुचवलं.

"फोन उचलाय बसीवत्यात मला," तो म्हणाला. "आतली ओळ मला भाइरच ऐकू येती, गड्या. घर हाय, पर भिंती न्हाईत."

मग त्यानंच तोड काढली. भाग संपला की आम्ही दोघांनीही एक जादा ओळ लिहायची, रोमन अक्षरांत 'बास'. प्रोग्रॅम चालवताना यंत्र ती ओळ सोडून देतं. बाई मात्र वाचते. फक्त ती 'बॅस' म्हणायची. "बाई सांगलीची न्हाई," विलास हसला. त्या शब्दावर तो अखेरपर्यंत, पुढंपुढं घरी बसून, प्रोग्रॅम लिहीत राहिला. फोन त्यानं घेतले नाहीत.

गेल्या आठवड्यात माधवनगरला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याचा संगणक सुरू करून दिला. शेवटची फाईल उघडली, आणि बाई त्यानं लावून ठेवलेल्या वेगानं बोलत सुटली. मला एक अक्षर कळेना. शेवटी तेवढं लागोपाठ ऐकू आलं... बॅस, बॅस, बॅस. एकात एक असलेले भाग एकदम संपले होते.

"एवढंच मला कळायचं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "असं एकामागनं एक आलं की वाटायचं, यांचं काम संपलं. मी आत चहा ठेवायची."