शंकासुर आणि तिसरी ओळ

ऑफिसात आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना सगळे शंकासुर म्हणत. मी तर तोंडावर म्हणायचो. रुग्णाच्या उशाशी ठेवायचा, औषध थेंबाथेंबाने सोडणारा पंप आम्ही बनवत होतो. त्याच्या अलार्मचा कोड बाईंच्या ताब्यात होता.

कोडमधल्या कुठल्याही कामावर 'हे मध्येच अडणार नाही' अशी हमी लिहिता येते. हमी देऊनही ते अडलं, तर सावरायला संधी नाही, सगळा प्रोग्राम जागीच बंद. बाईंनी दंडकच घातला होता: अलार्मसाठी लागणाऱ्या प्रत्येक कामावर हमी हवी, नाहीतर कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, तो पुढे सोडणारच नाही. या दंडकाने माझ्या नाकी नऊ आणले होते.

रोज दुपारी बाई वडिलांना फोन करायच्या. ते एकटे राहत. 'कसे आहात' कधीच नाही. "अप्पा, सकाळची गोळी कुठल्या रंगाची होती?" आम्ही गालातल्या गालात हसायचो.

पंप शुक्रवारी इस्पितळांकडे निघायचे होते. बुधवारी माझ्या एका कामावर हमी नाही म्हणून कंपायलरने चुकीची लाल ओळ दाखवून ते अडवलं. वैतागून मी त्यावर हमी लिहून टाकली. कंपायलर गप्प झाला. आता फक्त बाईंची सही उरली होती.

गुरुवारी त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"काल अडत होतं ना? मग आता कसं चालतंय?"

"हमी लिहिली."

"आत बघितलंस?"

"बघितलं की!"

"तिसऱ्या ओळीत काय आहे?"

मी आत बघितलंच नव्हतं. आम्ही कोड उघडला. तिसरी ओळ ऐन वेळी जास्तीची मेमरी मागत होती. ती मिळाली नसती, तर अलार्म वाजायच्या ऐवजी पंपच बंद पडला असता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कंपायलर दारावरची पाटी वाचतो रे, आत डोकावत नाही," बाई म्हणाल्या. "मीही तेच केलं होतं. अप्पा फोनवर 'बरा आहे' म्हणाले आणि मी फोन ठेवला. पाय मोडून जमिनीवर पडले होते तेव्हा."

बाईंनी सही केली नाही. पंप आठवडाभर थांबले. साहेबांनी मला फैलावर घेतलं, आणि ते रास्तच होतं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला.

"बरी आहे रे," ती नेहमीसारखंच म्हणाली.

मी फोन ठेवणारच होतो. मग विचारलं, "आज जेवायला काय केलं होतंस?"

"काही केलंच नाही रे," आई हळूच बोलली. मग म्हणाली, "तू कधी येशील?"